क्षणजीवी अणुगर्भांना थांबविण्याची विद्या

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात विज्ञानावर काही बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही जाणूनबुजून असा विषय निवडला की, ज्याची बातमी वर्तमानपत्रांत क्वचितच येते. अणुविज्ञानासंबंधी जे छापून येते त्यात वेगाचेच कौतुक फार. अमुक यंत्राने कणांना प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ नेले, तमुक यंत्राचा परीघ किती किलोमीटर, हेच वाचावयास मिळते. वेग देण्याची ही विद्या थोर आहे, यात शंका नाही. परंतु अणुगर्भांची अतिसूक्ष्म मोजमापे घेणाऱ्या संशोधकांची अडचण नेमकी उलट आहे. ज्याचे मोजमाप घ्यावयाचे ते पुष्कळदा जन्मतःच अतोनात वेगाने धावत असते आणि त्याचे आयुष्य डोळ्याचे पाते लवण्याइतकेही नसते. त्याला मरणापूर्वी थांबवावयाचे, एका जागी धरावयाचे आणि तोलावयाचे, हे काम वेग देण्याच्या कामाहून अवघड आहे, असे आमचे मत आहे. ते का, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडी उजळणी करू. सभेतील विद्यार्थ्यांनी ती सहन करावी. अणूच्या मध्यभागी जो अणुगर्भ असतो त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमीअधिक असू शकते. आपल्या घरांतील सोन्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन असतात. सोन्याचा हा एकच प्रकार चिरस्थायी आहे. एखादा न्यूट्रॉन कमी किंवा अधिक झाला की तो अणुगर्भ अस्थिर होतो आणि काही काळाने दुसऱ्या मूलद्रव्यात पालटतो. निसर्गात चिरस्थायी असे अणुगर्भ सुमारे अडीचशे आहेत. प्रयोगशाळांतून आजवर तीन हजारांहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत, आणि एकंदर सुमारे सात हजार प्रकार संभवतात, असा सिद्धान्तकारांचा अदमास आहे. चिरस्थायी प्रकारांपासून आपण जसजसे दूर जावे तसतसे आयुष्य आखूड होत जाते: प्रथम वर्षे, मग दिवस, मग सेकंद, आणि शेवटी सेकंदाचे सहस्रांश. जितक्या काळात अशा अणुगर्भांपैकी निम्मे नाहीसे होतात, त्या काळास अर्धायुष्य म्हणतात. हा शब्द आपणांस पुढे वारंवार लागेल.

आता कोणी म्हणेल, जे टिकतच नाही त्याची उठाठेव कशाला? उत्तर आपल्या अंगाखांद्यावरच आहे. सोने ताऱ्यांच्या नेहमीच्या ज्वलनात तयार होत नाही. ताऱ्यांच्या गाभ्यातील भट्टी लोखंडाच्या आसपास येऊन थंडावते. त्याहून जड मूलद्रव्ये न्यूट्रॉन गिळून गिळून बनतात, आणि सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांच्यासाठी हे गिळणे अत्यंत वेगाने व्हावे लागते. एक न्यूट्रॉन पचण्यापूर्वी दुसरा, दुसरा पचण्यापूर्वी तिसरा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी नोंदविल्या. पाठोपाठ दुर्बिणींना त्या ठिकाणी जो उजेड दिसला, त्यात नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा होत्या. (अशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली, हे येथे सहज सांगून ठेवतो.) अशा उत्पातात, आणि कदाचित इतरही काही ठिकाणी, न्यूट्रॉनांनी तुडुंब भरलेले क्षणजीवी अणुगर्भ आधी जन्मास येतात आणि मग ते पायरीपायरीने पालटत सोन्यापर्यंत पोहोचतात. आपल्या मंगळसूत्रातील बहुतेक प्रत्येक अणू कोट्यवधी वर्षांपूर्वी अशा क्षणजीवी रूपांतून गेलेला आहे.

ही वाट नेमकी कोठून जाते, हे अणुगर्भांच्या वजनावरून कळते. न्यूट्रॉन अणुगर्भात बांधला गेला की एकंदर वजन किंचित घटते. ही घट म्हणजेच त्या बंधनाची ऊर्जा. ती किती, हे कळले की हा अणुगर्भ आणखी एक न्यूट्रॉन धरील की नाही, हे सांगता येते. परंतु ती घट अतिशय अल्प असते. १३० च्या आसपास वस्तुमानांक असलेल्या अणुगर्भाच्या बाबतीत दहा लाखांत एका भागाची चूक झाली, तरी वाटेचे फाटे चुकू लागतात. सराफीचा काटा ज्यांच्या हाताखालून गेला आहे, त्यांच्यासाठी हे प्रमाण असे सांगता येईल: सव्वाशे किलोचे पोते तोलावयाचे आणि त्यात एका गुंजेची चूक होऊ द्यावयाची नाही. शिवाय हे पोते काट्यावर ठेवल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत नाहीसे होणार! सिद्धान्तांवर विसंबून चालत नाही, कारण मोजलेल्या प्रदेशात एकमेकांशी जुळणारे सिद्धान्त न मोजलेल्या प्रदेशात शिरताच वेगवेगळ्या दिशांना जातात. म्हणून तोलण्यास पर्याय नाही.

असे अणुगर्भ तयार करण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील आयसोल्डे प्रयोगशाळेत १९६७ पासून चालत आली आहे. युरेनियमच्या संयुगाच्या जाड लक्ष्यावर प्रोटॉनांचा मारा करावयाचा; आत नानाविध अणुगर्भ निर्माण होतात; लक्ष्य सुमारे दोन हजार अंश तापवून ठेवले की ते झिरपत बाहेर येतात. येथे थांबविण्याचा प्रश्न जवळजवळ उद्‌भवत नाही, कारण ते लक्ष्यातच थांबलेले असतात. मग हातचे सोडून पळत्याच्या पाठीस का लागावे? कारण असे की, प्रत्येक मूलद्रव्य बाहेर येतेच असे नाही. जी मूलद्रव्ये सहज वाफ होत नाहीत ती लक्ष्यातच अडकून बसतात, आणि जी येतात त्यांतील पुष्कळांचे आयुष्य झिरपण्यातच संपते.

दुसरी रीत उलटी आहे. जड अणुगर्भांनाच वेग देऊन बेरिलियमसारख्या हलक्या द्रव्याच्या पातळ लक्ष्यावर सोडावयाचे. टक्कर होताच त्यांचा एखादा टवका उडतो आणि उरलेला तुकडा जवळजवळ त्याच वेगाने पुढे जातो. कॅल्शियम-४० मधून दोन न्यूट्रॉन उडाले की कॅल्शियम-३८ मिळते. या रीतीत रसायनाचे नखरे नाहीत. कोणतेही मूलद्रव्य मिळते आणि ते सेकंदाच्या दशलक्षांशात हाती येते. मात्र ते प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाने, निम्म्याने, कधी त्याहूनही अधिक वेगाने धावत असते. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात या रीतीची मोठी परंपरा आहे. तेथील अतिवाहक सायक्लोट्रॉनांची जागा आता नव्या रेषीय त्वरकाने घेतली असून, एफ्‌-रिब या नावाची ही प्रयोगशाळा मे २०२२ मध्ये सुरू झाली.

आता थांबविण्याचा प्रश्न पाहा. शंभर दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रतिकण अशा ऊर्जेने येणाऱ्या कॅल्शियम-३८ ची एकूण ऊर्जा सुमारे ३८० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. सापळ्यात धरण्याजोगा होण्यासाठी ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खाली, साध्या हवेच्या रेणूंच्या पातळीवर यावी लागते; म्हणजे सुमारे दहा हजार कोटी पटींनी घट. आणि हे शेकडो नव्हे तर काही दहा सहस्रांश सेकंदांत उरकले तर उत्तम. ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा वाटेत ठेवला की अणुगर्भ थांबेल, यात संशय नाही. पण तो त्या ठोकळ्यातच गाडला जाईल. थांबला आणि हरवलाही, असा प्रकार व्हावयाचा.

म्हणून युक्ती अशी योजतात की बहुतेक वेग घन पट्ट्यांत काढून घ्यावयाचा आणि अखेरचा थोडासा वायूत. पट्ट्यांची जाडी इतक्या काटेकोरपणे निवडावी लागते की अणुगर्भ पट्टीतून जेमतेम बाहेर पडावा आणि पुढच्या वायूने भरलेल्या नळकांड्यात, पलीकडची भिंत येण्यापूर्वी, थांबावा. येथे आणखी एक अडचण येते. सर्वांचा वेग अगदी सारखा नसतो. कोणी किंचित पुढे, कोणी मागे. मग चुंबकाने त्यांना वेगाप्रमाणे पंख्यासारखे पसरवितात आणि वाटेत पाचर ठेवतात. अधिक वेगवान अणुगर्भ पाचरीच्या जाड बाजूने जातो, मंद अणुगर्भ पातळ बाजूने, आणि पलीकडे निघतात तेव्हा दोघांची चाल जवळजवळ एक झालेली असते. लाकूड फोडणाऱ्याची ही पाचर येथे वेग समान करण्याच्या कामी येते, ही गोष्ट आम्हांस फार मौजेची वाटते.

नळकांड्यातील वायू हेलियमच असावा लागतो. त्याचे कारण मार्मिक आहे. थांबणाऱ्या अणुगर्भाचे सर्व इलेक्ट्रॉन त्याला परत मिळाले, तर तो विद्युत्‌भारहीन होईल आणि मग कोणत्याही विद्युत्क्षेत्राला दाद देणार नाही. परंतु हेलियम आपला इलेक्ट्रॉन सर्व मूलद्रव्यांपेक्षा घट्ट धरून ठेवतो. तो इतरांना सहजी देत नाही. त्यामुळे आलेला पाहुणा एकदोन इलेक्ट्रॉनांची उणीव घेऊन आयन म्हणूनच राहतो आणि त्याला विजेच्या बळाने हाकता येते. हेलियमात अब्जांश प्रमाणातही पाण्याची वाफ किंवा दुसरी अशुद्धता राहिली, तर आयन त्या रेणूंशी जुळतो आणि त्याचे वजनच बदलून जाते. म्हणून वायू अत्यंत शुद्ध करावा लागतो आणि काही यंत्रांत नळकांडे थंडही ठेवतात.

थांबलेल्या आयनाला आता बारीक छिद्रातून बाहेर काढावयाचे. भिंतीला शिवला की तो चिकटून गेला. यासाठी रेडिओलहरींचा गालिचा नावाची एक सुंदर योजना आहे. एका पाटीवर सूक्ष्म अंतराने तांब्याची वर्तुळे कोरलेली असतात आणि शेजारशेजारच्या वर्तुळांस उलटसुलट कंप पावणारा विद्युत्‌दाब दिलेला असतो. त्या कंपनामुळे आयन पाटीच्या अंमळ वर तरंगत राहतो आणि सरकत सरकत मधल्या छिद्राशी येतो. जपानमध्ये आणि अमेरिकेत या योजनेवर पुष्कळ काम झाले आहे. तरीसुद्धा गळती होतेच. प्रत्येक येणारा अणुगर्भ थांबता थांबता हेलियमच्या लक्षावधी अणूंचे इलेक्ट्रॉन उखडतो. शलाका फार दाट केली की या फुटक्या अणूंची एवढी गर्दी उसळते की तिच्या विद्युत्‌भाराने हाकण्याचे क्षेत्रच बिघडते. अधिक पाठविले म्हणून अधिक मिळेल, असा हा व्यवहार नाही.

बाहेर आलेला आयन आता सापळ्यात धरावयाचा. एकोणिसाव्या शतकात अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने सिद्ध केले होते की, केवळ स्थिर विद्युत्क्षेत्राने विद्युत्‌भारित कण एका जागी अधांतरी धरता येणार नाही. एका दिशेने आवळले की दुसऱ्या दिशेने तो निसटणारच. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवून पाहावी: पुढेमागे ती स्थिर राहते, पण बाजूंनी घरंगळते. बॉनच्या वोल्फगांग पाउल यांनी यावर तोड काढली की, खोगीरच फिरवीत राहावे! गोटी एका बाजूने घरंगळू लागते तोच तेथे उंचवटा येतो. विद्युत्क्षेत्र झपाट्याने पालटत ठेवून त्यांनी आयन पकडले. दुसरी तोड हॅन्स डेमेल्ट यांची. त्यांनी स्थिर विद्युत्क्षेत्राला प्रबळ चुंबकीय क्षेत्राची जोड दिली आणि डच शास्त्रज्ञ पेनिंग यांच्या पूर्वीच्या कामाची आठवण ठेवून त्या सापळ्यास त्यांचे नाव दिले. पाउल आणि डेमेल्ट यांना १९८९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजच्या प्रयोगशाळेत दोन्ही सापळे एकामागून एक वापरतात. पहिल्यात आयन निववून त्यांची छोटी पुडी बांधावयाची आणि दुसऱ्यात तोलावयाचे. त्वरकाची इमारत क्रीडांगणाएवढी असली, तरी हा तोलण्याचा सापळा ओंजळीत मावेल एवढा असतो.

तोलणे म्हणजे काय, तर फेऱ्या मोजणे. चुंबकीय क्षेत्रात आयन गोल फिरतो. हलका असेल तर झपझप, जड असेल तर सावकाश. सेकंदाला लक्षावधी फेऱ्या होतात. ज्याचे वजन ठाऊक आहे असा आयन त्याच सापळ्यात फिरवून दोघांची तुलना केली की वजन मिळते. आयन जितका अधिक वेळ फिरवावा तितके माप अचूक. परंतु क्षणजीवी अणुगर्भाजवळ वेळच नसतो. सगळी कसोटी येथे आहे. वेळ वाढवावा तर अणुगर्भ मरतो, कमी करावा तर माप ढोबळ होते. एका खेपेस सापळ्यात बहुधा एखाददुसराच आयन असतो, आणि अशा खेपा रात्रंदिवस घ्याव्या लागतात.

मिशिगनच्या लेबिट या यंत्राने २००६ साली कॅल्शियम-३८ असेच तोलले. त्याचे अर्धायुष्य अर्ध्या सेकंदाहूनही कमी, तरी दहा कोटींत एका भागाहून कमी अनिश्चिततेने वजन मिळाले. प्रचंड वेगाने आलेला अणुगर्भ वायूत थांबवून पेनिंगच्या सापळ्यात तोलण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. कॅल्शियम-३८ च्या ऱ्हासावरून निसर्गातील क्षीण बलाची एक बारीक परीक्षा होते. तिच्या खोलात आज शिरत नाही. दोनच वर्षांनी कॅनडातील व्हँकूव्हर येथील ट्रायम्फ प्रयोगशाळेने लिथियम-११ तोलले. त्याचे अर्धायुष्य नऊ सहस्रांश सेकंदांहूनही कमी! त्या वेळेपर्यंत इतका अल्पायुषी अणुगर्भ कोणीही पेनिंगच्या सापळ्यात तोलला नव्हता. हा अणुगर्भ विलक्षण आहे. १९८५ साली इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बर्कले येथे तो अपेक्षेपेक्षा कितीतरी फुगीर आढळला. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन चंद्राभोवतीच्या खळ्यासारखे दूर पसरलेले असतात. ते किती सैल बांधलेले आहेत, याविषयी पूर्वीच्या मोजमापांत एकवाक्यता नव्हती. ट्रायम्फच्या मापाने उत्तर आले: दोघांना मिळून सुमारे ३६९ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. सामान्य अणुगर्भात दोन न्यूट्रॉन काढावयास याच्या कित्येक पट बळ लागते.

आयसोल्डेतील जस्त-८२ ची हकीकतही सांगण्याजोगी आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाह्य कवचात कोणत्या थरात कोणता अणुगर्भ असेल, हे वजनांवरून ठरते. काही सिद्धान्तांप्रमाणे तेथे जस्त-८२ चा थर असावयास हवा होता. अडचण अशी की, लक्ष्यातून जस्त-८२ बरोबर त्याच वस्तुमानांकाचे रुबिडियम-८२ अतोनात प्रमाणात येई आणि जस्त त्यात बुडून जाई. संशोधकांनी वाटेत क्वार्ट्‌झची नळी घातली. रुबिडियम तिच्यात रेंगाळे आणि जस्त पुढे जाई. लेसरने फक्त जस्ताचेच आयन केले. शेवटी दोन विद्युत्‌आरशांमध्ये आयनांना पुनःपुन्हा धाववून, वजनातील अतिसूक्ष्म फरकाने पुढेमागे झालेल्यांना वेगळे काढले. २०१३ साली वजन प्रसिद्ध झाले आणि त्या हिशेबाने जस्त-८२ न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचातून बाद झाले. जेथे कोणी कधीही जाणार नाही, अशा ताऱ्याच्या पोटातील एक थर पाव सेकंदाहून कमी टिकणाऱ्या द्रव्याच्या तोलण्याने पुसला गेला.

येथवर विद्युत्‌भारित आयनांची कथा झाली. विद्युत्‌भारहीन अणू धरण्याचीही एक रीत आहे आणि तिचे साधन केवळ प्रकाश. समोरून येणाऱ्या अणूवर नेमक्या रंगाचा लेसर टाकला, तर प्रकाशाचा प्रत्येक कण त्याला किंचित मागे ढकलतो. सहा बाजूंनी असे किरण सोडून आणि चुंबकीय क्षेत्राची जोड देऊन अणू मध्यभागी जवळजवळ स्थिर करता येतो. अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत २००४ साली हेलियम-६ या रीतीने पकडला गेला. पुढे तेच यंत्र फ्रान्समधील काँ शहरी गॅनिल प्रयोगशाळेत नेऊन २००७ साली हेलियम-८ पकडला. याचे अर्धायुष्य सेकंदाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. त्वरकातून सेकंदाला लाखोंच्या संख्येने अणू येत असता, सापळ्यात तासाला सुमारे तीस सापडत. म्हणजे दोन मिनिटांना एक. तो क्षणभर लुकलुके आणि जाई. परंतु त्या लुकलुकण्याच्या रंगातील सूक्ष्म फरकावरून त्याच्या गर्भाची त्रिज्या निघाली.

ही त्रिज्या प्रोटॉनांच्या पसाऱ्याची असते. मीटरचे कोटी भाग करून त्यातील एकाचे पुन्हा दहा कोटी भाग केले, तर जे माप येईल त्यास फेम्टोमीटर म्हणतात. नेहमीच्या हेलियमची त्रिज्या १.६८ फेम्टोमीटर आहे. हेलियम-६ मध्ये दोन न्यूट्रॉन अधिक, तेव्हा ती वाढून सुमारे २.०७ होते. हेलियम-८ मध्ये आणखी दोन न्यूट्रॉन, म्हणून ती आणखी वाढेल, असे कोणासही वाटेल. पण ती भरली सुमारे १.९३, म्हणजे हेलियम-६ पेक्षा लहान. कारण असे सांगतात की, हेलियम-६ मधील दोन जादा न्यूट्रॉन बहुधा एकाच बाजूस असतात आणि त्यांच्या ओढीने मधला गाभा इकडेतिकडे झोके घेतो, म्हणून प्रोटॉनांचा पसारा मोठा दिसतो. हेलियम-८ मध्ये चार न्यूट्रॉन गाभ्याभोवती अधिक समतोल वाटले जातात आणि गाभा जागच्या जागी राहतो. कावडीच्या एकाच टोकाला घागर असली म्हणजे खांदा हेलकावतो आणि दोन्ही टोकांना असली म्हणजे तो स्थिरावतो, तसेच हे आहे.